रुमाल टाकलेल्या जागा

बुलडाण्याच्या बस स्थानकापासून जवळच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचे कार्यालय होते. जिल्ह्यात डायलिसिस केंद्र चालवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा तो संगणक विभाग. माणसे तीन: व्यवस्थापक, एक अभियंता आणि मी. त्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासत असे. ते कार्यालय बंद पडल्यावर इथे आलो. रुग्णांच्या फोनवर जाणारे निरोप लिहिणे, केंद्रातल्या तक्रारी ऐकणे आणि आठवड्याचा अहवाल तयार करणे हे माझे काम होते.

माझी थोरली बहीण त्या केंद्राची रुग्ण होती. विभागात हे सर्वांना माहीत होते. ती धाडला एकटी राहायची. भाऊजी वारले होते आणि मुलगा पुण्याला कंपनीत होता. आठवड्यातून दोनदा बुलडाण्याला यायचे, चार तास मशीनवर पडायचे आणि परत जायचे, असा तिचा क्रम होता. दोन खेपांमधले अंतर वाढले की शरीरात पाणी साठते. आधी पावले सुजतात, मग चेहरा, मग श्वास पुरत नाही. डायलिसिसवरच्या प्रत्येकाला हा क्रम पाठ असतो. पुढे जे घडले त्यात बरेच तांत्रिक शब्द येतील, पण प्रश्न एकच होता: ताईला मशीन मिळते की नाही.

केंद्रात मशीन कमी आणि रुग्ण जास्त होते. काही रुग्णांचे वार कायमचे ठरलेले होते. उरलेल्यांना दर आठवड्याला फोनवरून वेळ घ्यावी लागे. रविवारी सकाळी पुढच्या आठवड्याची यादी उघडायची. ज्याने आधी मागितली त्याला आधी वेळ. हे सारे एकाच मोठ्या प्रोग्रॅमवर चालायचे. त्यातला एक भाग बिघडला की सगळेच बंद पडे. रक्त तपासणीच्या अहवालात काही दुरुस्ती करायची असली तरी वेळा देणे थांबवावे लागे. म्हणून त्या प्रोग्रॅमचे तुकडे करायचे ठरले. नोंदणी एक, वेळा दुसरी, तपासणी अहवाल तिसरा, साठा चौथा, निरोप पाचवा. प्रत्येक तुकडा स्वतंत्र चालणारा. एक पडला तरी बाकीचे उभे.

असे तुकडे केले की त्यांच्यापुढे एक दार लागते. रुग्णाच्या फोनला पाच ठिकाणचे पत्ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने एकाच दारावर यावे, दाराने त्याची ओळख पाहावी, त्याला काय हवे ते पाहून योग्य तुकड्याकडे पाठवावे आणि उत्तर आणून द्यावे. या दाराला एपीआय गेटवे म्हणतात. तो बसवण्याचे काम अभियंत्याकडे होते. ती मूळची मोताळ्याची. पुण्यात काही वर्षे नोकरी करून परतलेली. कार्यालयात प्रमाण भाषा बोलायची, चिडली की घरची.

इथे आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. एसटी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकतात. कोणी पिशवी टाकतो, कोणी टोपी. ज्याचा रुमाल त्याची जागा. त्यावर सहसा भांडण होत नाही, आणि एका माणसाने चार रुमाल टाकले तरी कोणी हिशेब विचारत नाही. मागे त्याची आई येत असते, मेहुणा येत असतो, शेजारी येत असतो. डायलिसिसच्या वेळाही लोक तशाच घेत. धाडहून सात रुग्णांना घेऊन येणारी एक जीप होती. तिचा चालक साठीच्या आसपासचा, सगळे त्याला चाचा म्हणत. रविवारी सकाळी चाचा आपल्या फोनवरून सातही जणांच्या दोन्ही खेपांच्या वेळा घ्यायचा, म्हणजे सगळे एकत्र येतील. सातांपैकी निम्म्यांकडे साधे बटणांचे फोन होते.

जुना प्रोग्रॅम लिहिताना सुरुवातीला एक अट होती, एका रुग्णाला आठवड्यात ठरावीकच वेळा. ती अट टिकली नाही. लोक घाईत स्वतःच्या नोंदणी क्रमांकावर शेजाऱ्याचीही जागा धरत आणि केंद्रात आल्यावर नावे बदलून आपसात वाटून घेत. अट त्यांना अडवायची, तक्रारी यायच्या. शेवटी ती काढून टाकली. एका क्रमांकावर कितीही जागा धराव्यात, असे धोरण झाले. तेव्हा ते शहाणपणाचे वाटले होते आणि बराच काळ त्यात काही अडचण आली नाही. प्रोग्रॅमचे तुकडे झाले तेव्हा हे धोरण वेळांच्या तुकड्यात जसेच्या तसे गेले.

गेटवे बसवण्याचे काम शांतपणे झाले. अभियंत्याने आधी तो एका चाचणीच्या सर्व्हरवर उभा केला. कोणती विनंती कुठे जाईल त्याचे मार्ग लिहिले. ओळख तपासण्याचा नियम लावला. एखादा तुकडा ठरावीक वेळात उत्तर देत नसेल तर वाट पाहणे कधी थांबवायचे ते ठरवले. अशा वेळी गेटवेने गप्प न बसता तीच विनंती आणखी दोनदा पाठवून पाहावी, अशीही एक ओळ त्यात होती. या पुन्हा पाठवण्याला रिट्राय म्हणतात. पुण्याच्या तिच्या जुन्या कंपनीत तो सगळीकडे लावत. चाचणीत प्रत्येक गोष्ट नीट चालली. फक्त चाचणी असल्यामुळे रुग्णांना खरे निरोप पाठवलेले नव्हते, तो तुकडा त्या दिवसांत काम न करता लगेच होकार देत होता. शनिवारी दुपारी गेटवे खऱ्या सर्व्हरवर चढवला. व्यवस्थापकांनी खालच्या हॉटेलातून समोसे मागवले.

रविवारी यादी उघडली आणि पाहता पाहता भरली. एवढ्या लवकर ती कधी भरली नव्हती. अनेकांना वेळ मिळाली नाही. सोमवारी केंद्राच्या तंत्रज्ञाचा फोन आला. तो मशीन चालवणारा, रुग्णांच्या हातात सुया घालणारा अनुभवी माणूस. त्याचे म्हणणे असे की यादीत सगळी मशीन भरलेली आहेत आणि खोलीत निम्मी मोकळी पडलेली आहेत. बाहेर बाकावर वेळ न मिळालेले रुग्ण बसून आहेत. त्यांना तो परस्पर घेऊ शकत नव्हता. रुग्णाचे नाव पडद्यावर असल्याशिवाय साठ्यातून त्याचे साहित्य निघत नव्हते. कावीळ असलेल्यांची मशीन वेगळी ठेवावी लागतात, म्हणून तपासणी अहवालही त्या नावाबरोबरच उघडायचा. न आलेल्याची अर्धा तास वाट पाहायची, मग कार्यालयाला फोन करून ती वेळ रद्द करून घ्यायची, मग दुसरे नाव घालायचे. असे करता करता दिवस संपला आणि काही जण तसेच परत गेले.

व्यवस्थापकांनी यादी काढली. सर्वांत वर चाचाचा फोन क्रमांक होता. एकेका खेपेला सात माणसांसाठी एकवीस जागा. खाली इतरांच्याही दोन-दोन, तीन-तीन होत्या. खोलीत आम्ही तिघे होतो आणि तिघेही याच जिल्ह्यात एसटीच्या खिडक्यांशी वाढलेले. कोणाला दुसरे कारण शोधावेसे वाटले नाही. नवीन दार वेगवान आहे, लोकांनी त्याचा फायदा घेऊन भरमसाट रुमाल टाकले, हा निष्कर्ष चहा येण्याआधी निघाला होता.

व्यवस्थापकांनी चाचाला फोन लावला आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"चाचा, गाडीत मानसं सात अन् एका खेपेले जागा एकवीस. बाकीच्या चौदा कोनासाठी धरल्या? भुतायसाठी?"

"नाही साहेब. मी सातच धरल्या. मंधात दोनदा फेल दाखोलं म्हनून पुन्हा दाबलं, तेवढंच. तुमच्याकडूनच जास्त आल्या तं वापस घेऊन टाका ना."

"वापस घेऊन टाका म्हने. रुमाल लय मोठा झाला तुमचा, चाचा. आता चादर टाकत जा."

फोन ठेवल्यावर व्यवस्थापक हसले. अभियंताही हसली. चाचाचा फोन जुना होता, त्याला लवकर दिसत नसे, एक बटण तो चार वेळा दाबतो हे आम्ही पाहिलेले होते.

त्याच्याच फोनवर त्या रविवारी निरोपांची रांग लागली होती. पण एकच निरोप दोनदा-तीनदा येणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. गॅसचा येतो, बँकेचा येतो, रेंज आली की सगळे एकदम कोसळतात. लोक शेवटचा निरोप खरा धरतात. चाचानेही तेच केले. बहुतेक रुग्णांनी तेच केले. शेवटच्या निरोपातल्या वेळेला ते आले, आणि आधीच्या दोन वेळांची मशीन त्यांच्या नावाने मोकळी पडून राहिली.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच झाले. सोमवारी सकाळी व्यवस्थापकांनी चाचाचा क्रमांक गेटवेवर बंद करायला सांगितले. एकाला अडवले की बाकीचे सरळ होतील, असे त्यांचे म्हणणे होते. अभियंत्याने विचारले की त्याच्या गाडीतल्या रुग्णांचे काय. व्यवस्थापक म्हणाले, ज्याने त्याने आपल्या फोनवरून वेळ घ्यावी, तसेच असायला हवे. गेटवेवर कोणाला बंद करणे सोपे असते. एक ओळ लिहावी लागते. तिने ती लिहिली. चाचाच्या फोनवरून धरलेल्या त्या आठवड्याच्या सगळ्या वेळा त्याबरोबर रद्द झाल्या.

ताईची त्या आठवड्याची पहिली खेप अशी गेली. मी व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी लगेच बुधवारची एक वेळ हाताने तिच्या नावावर घातली. त्यांच्या मनात वाईट नव्हते. बुधवारी मी केंद्राच्या दारात उभा राहिलो. ताई आली नाही. तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहिली, मग ते मशीन बाकावरच्या दुसऱ्या कोणाला दिले. मी फोन लावला. ती म्हणाली की चाचाची गाडी निघाली नाही. एकाच माणसाला वेळ होती, एकासाठी जीप कशी काढणार. मी विचारले की एसटीने का आली नाहीस.

"गाडीत आमी सातजन येतो," ती म्हणाली. बोलताना मधे मधे थांबत होती. "मले एकटीले मशीन भेटलं, काऊन भेटलं हे का त्यायले समजत नाही? भाऊ हापिसात हाये म्हनतीन. बरोबरच म्हनतीन. त्यायच्या तोंडाकडं मंग पाहू कशी मी?"

"अन् तुले काही झालं तं?"

"पानी पेनं बंद केलं मी. जीभ ओली करतो फक्त." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमचं ते नवीन काय हाये ते नीट करा नं बापा. सगळ्यायचं करा."

मी तिला घ्यायला संध्याकाळच्या एसटीने धाडला गेलो. ती आली नाही. इतर सहा जणांपैकी दोघे तिच्या ओसरीवर बसलेले होते. त्यांच्यासमोर मी तिला उठ म्हणू शकलो नाही. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला चहा घ्या म्हटले आणि स्वतः घेतला नाही, कारण त्यांनाही पाण्याचा हिशेब होता. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिला आडवे होता येत नव्हते. पायांवर बोट दाबले की खळगा पडे आणि तसाच राही. खासगी दवाखान्यात चल म्हटले, तर ती म्हणाली की तिथे माझी फाईल नाही, माझ्या हातात सुई कुठे घालायची ते त्यांना ठाऊक नाही, आणि उद्या पाहू. चाचाने त्यांच्यातल्या एकाला आपल्या खर्चाने जालन्याला नेऊन आणले होते. तिथेही जागा मिळाली नव्हती.

गुरुवारी हे सगळे मी कार्यालयात सांगितले. सांगताना बातमी वाचून दाखवावी तसा आवाज लागला होता, असे नंतर अभियंता म्हणाली. तिने एक मार्ग सुचवला. शुक्रवारी सकाळी रद्द झालेल्या वेळांची छोटी यादी उघडायची होती. त्याच सकाळी धाडला जाऊन सातही जणांची नोंदणी त्यांच्या त्यांच्या फोन क्रमांकावर करून द्यायची आणि तिथेच बसून वेळा घ्यायच्या. चाचावर कोणाची भिस्त राहायला नको. व्यवस्थापकांनी मान्य केले. म्हणजे निघतानाही आमचा समज तोच होता. दोष रीतीचा आहे आणि ती मोडायला आपण चाललो आहोत.

सकाळी ताईच्या ओसरीवर सगळे जमले. रात्रभर ती बसून होती. ओठ काळपट पडले होते. बोलायला दोन शब्दांनंतर थांबावे लागत होते. अभियंता तिच्या खाटेच्या कडेला बसली आणि आधी तिचीच नोंदणी केली. ताईचा फोन बटणांचा, म्हणून वेळ मागायची अभियंत्याच्या फोनवरून आणि निरोप येणार ताईच्या फोनवर. यादी उघडली. अभियंत्याने ताईचे नाव निवडले आणि बटण दाबले. पडद्यावर गोल फिरत राहिले. फिरता फिरता खाटेवरचा ताईचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. अभियंत्याच्या पडद्यावर अजून गोलच फिरत होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पडद्यावर लिहून आले की विनंती अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.

अभियंत्याने ताईचा फोन उचलून वाचला. तीन निरोप, तीन वेगवेगळ्या वेळा. शुक्रवार दुपार, शनिवार सकाळ, शनिवार दुपार.

"मी एकदाच दाबलं," ती म्हणाली.

ताईने भिंतीला टेकल्या टेकल्या तिच्याकडे पाहिले. "तुमालेही रुमाल टाकाची सवय लागली का, बाई?"

ओसरीवर कोणीतरी हसले. अभियंता हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिथेच मांडीवर लॅपटॉप उघडला. रेंज येण्यासाठी फोन खिडकीच्या गजात अडकवला.

जे घडत होते ते असे होते. वेळांचा तुकडा आधी जागा लिहून ठेवायचा, मग निरोपाच्या तुकड्याला सांगायचा, आणि निरोप गेल्याचे कळल्यावरच गेटवेला होकार द्यायचा. यादी उघडताच सगळ्यांचे निरोप एकदम निघत आणि ते बाहेर पडायला वेळ लागत असे. तेवढा वेळ थांबण्याची गेटवेला मुभा नव्हती. त्याला वाटायचे की तुकड्याने ऐकलेच नाही. तो तीच विनंती पुन्हा पाठवायचा, आणि मग पुन्हा. वेळांच्या तुकड्याच्या लेखी त्या तीन वेगळ्या मागण्या होत्या. एका माणसाने एकापेक्षा जास्त जागा धरू नयेत असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. उलट धरू द्याव्यात असेच सांगितलेले होते. तो प्रत्येक मागणीला पुढची मोकळी जागा देत गेला. ज्यांना शेवटी अयशस्वी दिसले त्यांनी पुन्हा दाबले, आणि आणखी तीन जागा गेल्या.

चाचणीत हे दिसले नाही, कारण चाचणीत निरोप गेलेच नव्हते. प्रत्यक्षात दिसले तेव्हा आम्हाला ते ओळखीचे वाटले. पुण्यात कोणी ती यादी पाहिली असती तर बिघाड म्हणून पाहिली असती, असे अभियंता नंतर अनेकदा म्हणायची. तिथे एका माणसाच्या नावावर तीन जागा ही अशक्य गोष्ट होती.

तिने वेळ मागण्याच्या मार्गावरचा रिट्राय काढून टाकला आणि वाट पाहण्याची मुदत वाढवली. चाचाला बंद करणारी ओळ पुसली. मग एकाच माणसाच्या नावावर एकापाठोपाठ पडलेल्या जागा शोधून, शेवटची ठेवून बाकीच्या मोकळ्या केल्या. मी केंद्रात फोन लावून तंत्रज्ञाला सांगत गेलो आणि तो तिकडे पडद्यावर पाहत होकार देत गेला. त्या दिवसाची दुपार बघता बघता रिकामी झाली. सात जणांची नावे तिने एकेक करून घातली. प्रत्येकाच्या नावाला एकच निरोप आला.

चाचा अंगणात उभा होता. अभियंता उठून त्याच्याकडे गेली. "चाचा, तुमचं खरं होतं. चूक आमची हाये. तुमी सातच धरल्या होत्या."

चाचाने मान हलवली. "मंग आता गाडी काढू का?" त्याने विचारले.

ताईला पुढच्या सीटवर बसवले, खिडकी उघडी ठेवून. वाटेत तिची मान पुढे झुकत होती आणि चाचा एका हाताने तिचा खांदा मागे धरत होता. केंद्रात तिला आधी वजनाच्या काट्यावर उभे केले. आकडा पाहून तंत्रज्ञाने डॉक्टरांना बोलावले. एवढे पाणी एका बैठकीत काढता येत नाही, हृदयाला झेपत नाही, आणि न काढून चालणार नव्हते. त्यांनी सावकाश सुरू केले. दोन तासांनी तिचा रक्तदाब उतरला. मशीन थांबवावे लागले. तिथून तिला रुग्णवाहिकेने जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात हलवले. पुण्याहून भाचा आला. काही दिवस ती अतिदक्षता विभागात होती. त्यातले पहिले दिवस डॉक्टर आमच्याशी बोलताना भविष्यकाळ वापरत नव्हते.

त्या आठवड्याचा अहवाल मी नेहमीप्रमाणे लिहिला. गेटवेच्या मांडणीतील त्रुटी दुरुस्त केली, एका क्रमांकावरील जागांवर मर्यादा आणण्याचे काम सुरू आहे, सेवा सुरळीत. तिन्ही विधाने बरोबर होती. व्यवस्थापकांनी वाचून सही केली.

ताई परत आली. पण पाण्याच्या ताणाने हृदय कमजोर झाले होते. आता आठवड्यातून दोनदा चालणार नाही, तीनदा लागेल, असे डॉक्टरांनी लिहून दिले. रविवारी यादी उघडली तेव्हा मी स्वतः वेळ मागितली. सोमवार मिळाला, बुधवार मिळाला. शुक्रवारसाठी पडद्यावर लिहून आले की जागा शिल्लक नाही. अभियंत्याने आतून तपासून पाहिले. एकही जागा दोनदा धरलेली नव्हती. प्रत्येक नावामागे एक माणूस होता. गेटवे एकदम बरोबर चालत होता. आता यादी भरली आहे असे तो सांगत असेल, तर ती भरलेलीच होती.

कायमची जागा मोकळी होण्याची कारणे थोडी आहेत. एखाद्याला दात्याचे मूत्रपिंड मिळते, एखादा गाव सोडतो, एखादा वारतो. तंत्रज्ञ म्हणाला, शुक्रवारी येऊन बसा, कोणी आले नाही तर घेऊ. तेव्हापासून शुक्रवारी ताई एसटीने येते आणि बाकावर बसते. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसतो. काही शुक्रवारी सगळे येतात आणि ती तशीच परत जाते. त्यानंतरचे दोन दिवस मी फोन हाताशी ठेवतो.

एका शुक्रवारी तंत्रज्ञ दारात आला आणि म्हणाला, "चला ताई, या आत. आज एक मोकळं हाये."

ती उठली नाही. "कोन नाही आलं?"

मेहकरकडचे एक गृहस्थ, तो म्हणाला. लेकीकडे गेले असतील.

"फोन लावून पाह्यला का त्यायले?"

"लावला होता. उचलला नाही कोनं."

"अर्धा तास झाला?"

"व्हाले आला."

"मंग होऊ द्या पुरा," ताई म्हणाली. "येत असन थो. एसटी लेट झाली असन."

तंत्रज्ञ माझ्याकडे पाहू लागला. तिने डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सरकवून ठेवली होती, सुई जिथे घालतात तो फुगीर भाग उघडा पडला होता, आणि ती रस्त्याच्या बाजूच्या दाराकडे पाहत होती. रिक्षा थांबली की पुढे वाकायची. दोन रिक्षा थांबल्या, दोन्हीतून दुसरीच माणसे उतरली. मग तंत्रज्ञ पुन्हा बाहेर आला. तिने माझा हात धरला आणि उठून वजनाच्या काट्याकडे गेली.